पंख्याची मोटर बदलू, पण आधी मेन स्विच
न्हाणीघरातला एक्झॉस्ट पंखा बंद पडला की ओल राहते, बुरशी धरते. त्याची मोटर आपण गटातल्या बायका बदलू शकतो.

मात्र नुसतं बटण बंद करून भागत नाही. बटण चुकून न्यूट्रलवर जोडलेलं असेल, तर पंखा थांबतो पण वायरीत करंट राहतो. म्हणून मेन स्विच बंद करायचा. टेस्टर आधी चालू प्लगमध्ये तपासून घ्यायचा, मग पंख्याच्या वायरींना लावायचा. हात-पाय कोरडे हवेत.

आता पातं हाताने फिरवा. जड फिरलं तर आधी साफसफाई करून बघा. सहज फिरतंय, पण चालू केल्यावर नुसतं गुणगुणतं, तर कंडेन्सर असल्यास तो आधी बदला.

तरीही चाललं नाही, तर वायरींचा फोटो काढून मोटर सोडवा आणि दुकानात सोबत न्या. शाफ्टची जाडी आणि फिरण्याची दिशा जुळलीच पाहिजे. हिरवी अर्थिंगची वायर जोडायला विसरू नका.