चार मिलिमीटरचा प्रश्न

टूल सेंटरच्या खाली बसलं तर टर्नर घाबरत नाही. जुन्या हॅकसॉ ब्लेडचा तुकडा पॅकिंग म्हणून खाली सरकवला की टोक सेंटरवर येतं. पण टूल वर बसलं, तर खालून काढायला काहीच उरत नाही. टेबलावर मावणाऱ्या छोट्या लेथची खरी अडचण हीच.

असा लेथ बहुधा शांघायच्या सीग कंपनीच्या घाटाचा असतो आणि निरनिराळ्या नावांनी विकला जातो. बेडपासून स्पिंडलच्या अक्षापर्यंतची उंची 90 मिमी. सोबतच्या चौकोनी टूल पोस्टची खाच 8 मिमी टूलसाठी बेतलेली. बाजारात मात्र 12 मिमीची टूल्स सहज आणि बऱ्याचदा स्वस्तात मिळतात. इन्सर्टच्या होल्डरवर ‘एससीएलसीआर 1212’ असं काही कोरलेलं असलं, तर ते आकडे शँकच्या उंची-रुंदीचे. प्रमाणित होल्डरमध्ये शँकची उंची तीच टोकाची उंची. म्हणून हे टूल छोट्या पोस्टमध्ये तीन-चार मिलिमीटर वर राहतं.

एवढ्याशा फरकाने काय होतं? हिशोब सोपा आहे. 20 मिमी जाडीच्या सळईवर टोक फक्त 1 मिमी वर असलं, तरी टूलखालचा मोकळा कोन, म्हणजे क्लिअरन्स, साडेपाच अंशांहून अधिक घटतो. सीसीएमटी जातीच्या इन्सर्टला तो मिळतो जेमतेम 7 अंश. सळई 12 मिमीची असेल, तर घट साडेनऊ अंशांवर जाते. तिथे धार टेकतच नाही. तिच्याखालची पाठ जॉबवर घासते. फेसिंग करताना मधोमध बोंड राहतं ते वेगळंच.

उपाय तीन. पहिला, टूल पोस्टची खाच खोल करणं. पण त्यात तळ पातळ होतो, आणि नंतर 8 मिमीच्या प्रत्येक टूलखाली पॅकिंग घालत बसावं लागतं. दुसरा, पोस्टच बदलणं. तयार क्विक चेंज पोस्टमध्ये होल्डरची उंची नटाने खालीवर करता येते. मात्र सर्वांत खाली आणल्यावर आपलं टूल सेंटरला येतं का, हे विकत घेण्याआधी मोजावं. हौशी कारागीर अखंड ठोकळ्यातून नवा पोस्ट घडवतात, आणि खाच त्याच लेथवर कापतात. चकमध्ये 24 मिमी व्यासाचा कटर धरायचा, ठोकळा स्लाइडवर आवळायचा, हलके हलके कट घ्यायचे. कटर अक्षाभोवती फिरतो, त्यामुळे खाचेचा तळ आपोआप अक्षाच्या बरोबर 12 मिमी खाली येतो. उंची मोजावी लागत नाही, लेथ स्वतःच ती सांगतो.

तिसरा उपाय म्हणजे टूलच कापणं. इथे धातू ओळखावा लागतो. अखंड हायस्पीड स्टीलचा तुकडा इतका कडक असतो की त्याला फक्त ग्राइंडरच लागू पडतो. विडिया टूलची, म्हणजे कार्बाइडचा तुकडा डाखलेल्या टूलची, शँक साध्या पोलादाची असते. ती सहज कापली जाते. ‘विडिया’ हे क्रुप कंपनीचं जर्मन नाव, अर्थ ‘हिऱ्यासारखं’. आपल्या वर्कशॉपांनी ते साऱ्या जातीलाच देऊन टाकलं. इन्सर्ट होल्डरची शँक त्याहून चिवट, पण कार्बाइड कटरपुढे तीही नमते.

कापताना खुबी एकच. टोकाखालचा भाग तसाच ठेवायचा आणि खाचेत जाणारा भाग तेवढा खालून 4 मिमी उतरवायचा. पायरीच्या कोपऱ्यात किंचित गोलाई सोडायची, नाहीतर तडा तिथूनच सुरू होतो. मग स्टीलची पातळ पट्टी टोक आणि गोल जॉब यांच्यामध्ये हलकेच दाबून पाहायची. ती उभी राहिली तर टूल सेंटरवर. वरचं टोक जॉबकडे झुकलं तर टूल अजून वर आहे.

जाड टूल कापून त्याचा जोर घालवला, अशी हळहळ वाटते. पण टूलचं वाकणं बाहेर आलेल्या लांबीच्या घनावर ठरतं. लांबी निम्मी केली की वाकणं आठपट घटतं. पायरी पोस्टला भिडवून बसवली, तर बाहेर राहतो तो आखूड भाग, आणि तो पूर्ण 12 मिमीचाच. जे पोलाद कापलं, ते खाचेत पोस्टच्या आधाराने बसणारं होतं.