ओसाकातल्या महागाईचा जुना हिशेब

जपानला निघालेल्या माणसाला एक सल्ला हमखास मिळतो: खाण्याची पाकिटं इथूनच भरून न्या, तिथे बाहेर जेवलात तर दिवाळं निघेल, आणि खरेदीचा तर विचारही करू नका. पुरावा म्हणून बातम्या तयार असतात. जानेवारी २०१९ मध्ये टोकियोच्या तोयोसू बाजारात २७८ किलोचा एक ट्यूना ३३ कोटी येनांहून जास्त किमतीला विकला गेला. त्याच वर्षी होक्काइदोतल्या युबारी खरबुजांची एक जोडी ५० लाख येनांना गेली. बातम्या खऱ्या आहेत, पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. हे दोन्ही सौदे हंगामाच्या किंवा वर्षाच्या पहिल्या लिलावातले. तिथे बोली लावणारा मानासाठी आणि प्रसिद्धीसाठी पैसे मोजतो. मुहूर्ताच्या हापूस पेटीचा भाव पाहून कोणी मे महिन्यातल्या आंब्याचा अंदाज बांधत नाही. मग जपानच्या बाबतीत सुशिक्षित माणसंही तेच का करतात?

या समजाला एकेकाळी आधार होता. डॉलरचा भाव उतरवण्यासाठी १९८५ मध्ये झालेल्या प्लाझा करारानंतर येन झपाट्याने वधारला, पाठोपाठ जमिनी आणि शेअर यांचे भाव भडकले, आणि जगभरच्या पाहण्यांत टोकियो आणि ओसाका महागड्या शहरांच्या यादीत वर जाऊन बसली. १९९०च्या सुरुवातीला तो फुगा फुटला. पुढची तीन दशकं जपानमध्ये किमती जवळजवळ जागच्या जागी राहिल्या. योशिनोया या साखळीने २००१ मध्ये आपल्या गोमांस-भाताच्या वाडग्याची किंमत ४०० येनांवरून २८० वर आणली. आजही तो पाचशे येनांच्या आसपास मिळतो. येनचा भावही घसरला. ऑक्टोबर २०११ मध्ये एका डॉलरला ७५-७६ येन मिळत, जुलै २०२४ मध्ये १६१. शहरांच्या राहणीखर्चाची जागतिक पाहणी करणाऱ्या इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिटच्या २०२२च्या यादीत ओसाका एका वर्षात दहाव्या क्रमांकावरून त्रेचाळिसाव्यावर गेलं. तरी आपल्याकडे सल्ले मात्र १९८९ सालचेच चालू आहेत.

ओसाकातला एक दिवस आकड्यांत मांडून पाहू. इथल्या खानावळींच्या दर्शनी काचेमागे पदार्थांच्या हुबेहूब प्रतिकृती मांडलेल्या असतात: उदोन या जाड शेवयांच्या रश्शावर तरंगणारी पातीच्या कांद्याची चकती, तळलेल्या कोळंबीवरचं खरखरीत आवरण, आणि प्रत्येकापुढे किमतीची छोटी पाटी. (प्रतिकृतींचा हा धंदाच ओसाकात उभा राहिला, इवासाकी ताकिझो यांनी १९३२ मध्ये तो इथे सुरू केला.) त्यामुळे आत पाऊल टाकण्याआधीच खर्च कळतो. साध्या उदोनचा वाडगा चारशे येनांच्या आसपास, दुपारचं भात-सूप-लोणच्यासकट ताट हजारच्या आसपास. पाणी किंवा चहा बहुतेक ठिकाणी फुकट, टिप नाही. सकाळी दुकानातले दोन भाताचे गोळे आणि कॉफी, दुपारी ताट, रात्री ओकोनोमियाकी हे कोबीचं जाड धिरडं आणि मेट्रोचा दिवसभराचा ८२० येनांचा पास धरला, तर सगळं मिळून साडेतीन-चार हजार येन. येन ५५ ते ६० पैशांना धरला तर दोन ते अडीच हजार रुपये. रक्कम लहान नाही, पण मुंबईच्या मॉलमध्ये दोन वेळा जेवून दिवसभर टॅक्सीने फिरणाऱ्याला तिची धास्ती वाटायचं कारण नाही. खरेदीचंही तेच. दाइसो या स्वस्त दुकानसाखळीत बहुतेक वस्तू करासह ११० येनांना मिळतात, अमेरिकामुरा भागात वापरलेल्या कपड्यांची दुकानं ओळीने आहेत, तेन्जिन्बाशिसुजीचा छताखालचा बाजार अडीच किलोमीटरहून लांब आहे आणि तिथे गावातली माणसं रोजची खरेदी करतात. डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरात आणि सुपरमार्केटात संध्याकाळी उरलेल्या डब्यांवर सवलतीचे स्टिकर चिकटू लागतात. तेच जेवण काही वेळा निम्म्या किमतीत मिळतं.

यावर एक आक्षेप रास्त आहे: येन डॉलरसमोर घसरला, पण आपला रुपयाही घसरलाच की. खरं आहे. २०१२च्या सुमारास येन ६५-७० पैशांना होता, म्हणजे आपल्याला झालेला फायदा अमेरिकी पर्यटकाइतका नाही. पण तेव्हापासून भारतातल्या हॉटेलांत जेवणाचे दर किती वाढले ते आठवा. जपानमधले त्या मानाने फार कमी वाढले. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे, तो शाकाहाराचा. जपान बौद्ध देश, म्हणून शाकाहार सहज मिळेल, ही समजूतही पूर्ण चुकीची. स्वस्त जेवणाचा पायाच दाशी हा रस्सा आहे, आणि तो बहुधा कोंबु हे समुद्री शेवाळ आणि ट्यूनाच्या कुळातला वाळवलेला मासा यांपासून होतो. ताटात मासा दिसत नाही म्हणून तो नाही असं नसतं. काटेकोर शाकाहाऱ्याला चारशेचं उदोन सोडून भारतीय किंवा खास शाकाहारी हॉटेल शोधावं लागतं, आणि तिथे खर्च वाढतो. पाकिटं न्यायची तर या कारणासाठी जरूर न्या.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. सगळे कच्चे मासेच खातात: ओसाकाची ओळख असलेले ताकोयाकी (ऑक्टोपस भरलेले पिठाचे गोळे) आणि ओकोनोमियाकी गरम तव्यावरून थेट पुढ्यात येतात. सुशी फक्त श्रीमंतांची: फिरत्या पट्ट्यावरची सुशी १९५८ मध्ये ओसाकाच्याच परिसरात, सामान्य गिऱ्हाइकासाठी सुरू झाली. सगळीकडे रोखच लागते: मोठ्या दुकानांत कार्ड चालतं, छोट्या ठेल्यांसाठी रोख ठेवा. बिलात काहीच लपलेलं नसतं: इझाकायात, म्हणजे पिण्या-खाण्याच्या ठिकाणी, न मागताच पुढ्यात ठेवल्या जाणाऱ्या छोट्या वाटीचे माणशी तीनशे ते पाचशे येन लागतात. महाग काय, तर सुट्टीच्या दिवसांतली हॉटेलची खोली, फळं, टॅक्सी आणि कुरोमोन बाजारात पर्यटकांसाठी भाजलेले खेकडे.

ही स्वस्ताई जपानी माणसाच्या अनेक वर्षं न वाढलेल्या पगारातून आली आहे, हेही विसरू नये. २०२२ पासून तिथे भाव वाढताहेत. २०२५ मध्ये पाच किलो तांदूळ चार हजार येनांवर गेला, आणि आपण स्वस्त म्हणतो ते ताट तिथल्या कुटुंबाला आता जड जाऊ लागलं आहे. म्हणून जाण्याआधी चालू दर पाहून हिशेब करा. त्यात एक बदल आत्ताच धरून ठेवा: आजवर पाच हजार येनांपासूनच्या खरेदीवर दुकानातच माफ होणारा दहा टक्के कर १ नोव्हेंबर २०२६ पासून आधी भरावा लागेल आणि देश सोडताना तपासणी झाल्यावर परत मिळेल.