जुन्या संगणकाचा खोडवा



या पानावर आपण नेहमी लागण, बेणे, खत आणि पाणी यांविषयी बोलतो. या अंकात थोडी वाट सोडून माझ्या रविवारच्या नादाविषयी लिहितो आहे. नाद आहे जुना संगणक दुरुस्त करण्याचा. "शेतकी साहेबाला दुसरा उद्योग नाही का?" असे कोणी म्हणेल. म्हणू द्या. पण शेवटपर्यंत वाचावे, कारण गोष्ट फिरून आपल्या बांधावरच येते.

गेल्या हंगामात मोळी पडण्याच्या आधी आमच्या गटातले एक जुने सभासद कार्यालयात आले. पाटाखालचे त्यांचे दीड एकर रान चोपण होत चालले आहे. खोडव्याला फुटवा नाही, वर पांढरे फुटलेले. खुर्चीवर टेकत ते म्हणाले, "साहेब, शहाण्णव साली कारखान्याने या रानाची माती तपासली होती. तेव्हा काय निघालं होतं, तेवढं सांगा. पोरं म्हणत्यात रान आधीपासूनच खराब, विकून टाका."

मी म्हणालो, "आबा, बघतो." म्हणालो खरे, पण बघायचे कुठे? कागदी रजिस्टरचा एका पावसाळ्यात भिजून लगदा झाला होता. मग आठवले की मी २००३ साली कारखान्यात रुजू झालो, तेव्हा गट कार्यालयात एक चारशे शहाऐंशी जातीचा संगणक होता. ऊस नोंद आणि माती परीक्षण त्यातच असायचे. नवीन यंत्रे आली आणि तो भांडारात गेला. तो ठेवताना त्यातली माहिती काढून घ्यावी हे मला सुचले नाही. ही चूक माझीच. पुढे भंगाराच्या यादीत त्याचे नाव निघाले. मी वरिष्ठांची परवानगी घेतली, रीतसर पावती फाडली आणि ते धूड घरी आणले.

आधी पाचट बाजूला

वीस वर्षे पडलेले यंत्र आणले आणि बटण दाबले असे करू नये. पहिल्यांदा झाकण उघडून ब्लोअरने धूळ काढली. आत पालीची अंडीसुद्धा निघाली. मग विजेचा डबा बोर्डापासून सोडवून मल्टिमीटरवर पाच आणि बारा व्होल्ट बरोबर येतात का ते पाहिले. या जातीच्या संगणकात डब्यातून बोर्डाकडे दोन सारख्या दिसणाऱ्या पिना जातात. त्या जोडताना दोन्हींच्या काळ्या वायरी मधोमध शेजारी-शेजारी याव्यात. उलट झाले तर बोर्ड जळतो. जुन्या काचेच्या पडद्याचा डबा मात्र हौशी माणसाने उघडू नये. बंद असतानाही आत जबर दाब शिल्लक असतो.

खरे दुखणे बॅटरीचे होते. त्या काळच्या बोर्डावर घड्याळ चालू ठेवायला बोटाच्या पेराएवढी निकेल-कॅडमियम बॅटरी डागलेली असे. ती फुटून तिचा क्षार पसरला होता आणि तांब्याच्या रेघा हिरव्या पडल्या होत्या. चोपण रानच म्हणा ना! आपण चोपण रानात जिप्सम टाकतो, इथे क्षाराला उतारा आम्लाचा. बॅटरी काढून कापसाच्या काडीने व्हिनेगर लावले, मग पाण्याने आणि शेवटी स्पिरिटने पुसून दोन दिवस वाळू दिले. एक रेघ पार खाल्ली गेली होती. तिथे केसासारखी बारीक तार डाग देऊन जोडली.

मग नांग्या भरणे

आपण खोडव्यात नांग्या भरतो, तसेच या कामातही करता येते. १९८१ साली आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर काढला, तो बाजारातले सुटे भाग घेऊन आणि त्याची रचना खुली ठेवून. त्यामुळे पुढे अनेक कंपन्यांनी तशीच यंत्रे काढली आणि एकाचा भाग दुसऱ्याला बसू लागला. म्हणून हा नाद परवडतो. मेमरीच्या पट्ट्यांची टोके खोडरबराने घासली. पुण्याच्या जुन्या बाजारातून आणखी पट्ट्या आणून चार मेगाबाइटची मेमरी सोळा केली. घड्याळासाठी बाहेरून बॅटरी जोडली, म्हणजे पुन्हा गळाली तरी बोर्ड वाचेल.

हार्ड डिस्कला मात्र हात लावण्याआधी एक नियम पाळला. आधी नक्कल, मग दुरुस्ती. डिस्क खरखर करत होती. ती दुसऱ्या एका यंत्राला जोडली आणि खराब जागा पुन्हा पुन्हा वाचून पाहणाऱ्या प्रोग्रामने रात्रभर जेवढे निघेल तेवढे काढून घेतले. मग त्या डिस्कच्या जागी कॅमेऱ्यात घालतात तसले कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड एका छोट्या अडॅप्टरवर बसवले. हे कार्ड हार्ड डिस्कचीच भाषा बोलते, आवाज करत नाही आणि तापतही नाही. त्या पिढीच्या बहुतेक यंत्रांना ५०४ मेगाबाइटच्या पुढची डिस्क ओळखता येत नाही, म्हणून मुद्दाम लहान कार्ड घेतले.

नोंदी उगवल्या

एका रविवारी रात्री पडद्यावर डॉसची अक्षरे आली. घरातल्या मंडळींना हाक मारली, पण काळ्या पडद्यावरच्या पांढऱ्या अक्षरांचे कौतुक मलाच जास्त!

नोंदीच्या फायली डीबेसच्या होत्या. त्या आजही साध्या स्प्रेडशीटमध्ये उघडतात. आकडे सरळ दिसले, गावांची नावे मात्र अगम्य चिन्हांत. कारण त्या वेळी डॉसवर मराठी दिसायला जिस्ट कार्ड लागे. ते तंत्र आयआयटी कानपूरला जन्मले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढवले. त्याचा अक्षरसंकेत इस्की, आणि आजचा युनिकोड. दोन्हींचा तक्ता मांडून एकेक अक्षर बदलले. मग यादी बोलू लागली. को ७४०, संजीवनी, संपदा, वसंत-१ या जातींची नावे पाहून भरून आले. को ८६०३२ ही जात १९९६ साली आली, तिच्या पहिल्या लागणीही त्यात होत्या.

आणि आबांचा गट क्रमांक सापडला. सामू आणि क्षारता दोन्ही त्या वेळी सर्वसाधारण हद्दीत होती. म्हणजे रान मुळात खराब नव्हते. मग आम्ही शिवारात फिरलो. खालच्या अंगाचा चर बुजून वर बांध पडलेला, पाटाचे पाणी मुरते आणि बाहेर पडायला वाट नाही. आता चर उघडला आहे, निचऱ्याचे काम धरले आहे आणि क्षारपड रानात तग धरणाऱ्या फुले २६५ ची लागण करण्याचे ठरले आहे. आबा म्हणाले, "रान बदनाम झालं होतं, ते सुटलं." विक्रीची बोलणी थांबली.

सगळेच मिळाले असे नाही. दोन गावांच्या नोंदी डिस्कच्या खराब भागात होत्या. त्या गेल्या त्या गेल्याच. त्या गावच्या सभासदांची मी मनापासून माफी मागतो.

यंत्र जाते, नोंद राहावी

ऊस आणि संगणक यांचे नाते आजचे नाही. १९९८ साली कोल्हापूरकडे वारणा परिसरातल्या सुमारे ७० गावांसाठी संगणक केंद्रांची योजना आली. सभासदाला आपल्या गावातच उसाचे वजन आणि बिल कळावे हा तिचा हेतू. पुढे २००६-०७ च्या सुमारास तिथल्या सात गावांत तेच काम मोबाइलच्या संदेशावर करून पाहिले गेले. दहा वर्षांत यंत्र बदलले. पण वजन किती, बिल किती हा सभासदाचा प्रश्न तोच राहिला. यंत्राचे आयुष्य आठ-दहा वर्षांचे, रानाचे पिढ्यान् पिढ्यांचे. म्हणून दर वेळी यंत्र बदलताना नोंद नव्या यंत्रात नेली पाहिजे.

तेव्हा तीन विनंत्या. माती परीक्षणाचा जुना कागद कपाटात असेल तर गट कार्यालयात आणा, नक्कल काढून तो लगेच परत देऊ. घरचा जुना संगणक भंगारात देण्याआधी त्यातली माहिती काढून घ्या. आणि फुटक्या बॅटऱ्या उकिरड्यावर टाकू नका. त्यातले कॅडमियम शेणखताबरोबर आपल्याच रानात जाते.

सुधारलेला संगणक आता गट कार्यालयात ठेवला आहे. नोंदींच्या तीन नकला तीन वेगवेगळ्या जागी आहेत. आपला गट क्रमांक घेऊन अवश्य यावे. तुमच्या रानाची जुनी ओळख निघाली, तर दोघांनाही आनंद होईल.

आपला,
ऊस विकास अधिकारी