शिगेचा हिशोब

पाककृतीत ‘वाटीभर’ वाचलं की माझा हात आधी काट्याकडे जातो. २४० मिलिलिटरच्या कपात साखर मावते सुमारे २०० ग्रॅम, चाळून हलका भरलेला मैदा जेमतेम १२०. तोच कप मैद्याच्या डब्यात खुपसून भरला तर काटा १४०च्या घरात. कप तोच, फक्त मधली हवा कमी झाली. जुनी कोष्टकं घाईघाईने सांगतो: दोन मापटी म्हणजे शेर, चार शेर म्हणजे पायली. १९५६च्या कायद्याने किलो-लिटर आणले नि पायली हळूहळू माळ्यावर गेली.

मला खरी ओढ आहे ती शिगेची. मापाच्या काठावर उभा राहणारा तो धान्याचा डोंगर! डहाणूच्या बाजारात सुका जवळा घेतानाही माझी नजर मावशींच्या हातावरच असते. त्यांनी हलक्या हाताने रास केली की मी खूश, तळहाताने सपाट केली की हिरमुसतो.

यात भूमितीही आहे. तांदळाच्या राशीची उतरण साधारण ३५ अंशांची धरा. दहा सेंटिमीटर उंच नि वीस सेंटिमीटर रुंद गोल माप काठापर्यंत भरलं तर त्यात सुमारे ३.१ लिटर तांदूळ मावतो आणि शीग आणखी २३ टक्के भर घालते. तेवढंच मावणारं, पण फक्त बारा सेंटिमीटर रुंद आणि त्यामुळे जास्त उंच माप घेतलं तर शीग फक्त पाच टक्क्यांची. दोन्ही मापं काठापर्यंत अगदी खरी. लबाडी असलीच तर तोंडाच्या रुंदीत.

डहाणू-तलासरीत हा हिशोब पोटाशी बांधलेला होता. पावसाळ्यात वारली कुटुंबं जमीनदाराकडून भात खावटी म्हणून उचलत नि सुगीनंतर दीडपट-दुपटीने फेडत. आता रुंद तोंडाचं माप देताना सपाट नि घेताना शिगोशीग भरून बघा: दीडपट म्हणता म्हणता फेड पावणेदोनपटीच्याही पुढे जाते आणि वहीत याचा मागमूस नाही. शिवाय भात म्हणजे तांदूळ नव्हे. तूस फुगीर, वजनाला हलकं. कांडल्यावर दोन पायल्या भाताचा साधारण पायलीभरच तांदूळ हाती लागतो.

२३ मे १९४५ रोजी आजच्या तलासरी तालुक्यातल्या झरी गावी वारल्यांची मोठी परिषद झाली. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठबिगारी नाकारण्याचा निर्धार झाला. त्याच वर्षीच्या गवतकापणीच्या संपातली मागणी मला फार बोलकी वाटते: पाचशे रतल गवताला अडीच रुपये. पाचशे रतल म्हणजे सुमारे २२७ किलो. भारा नाही, गठ्ठा नाही, मजुरी थेट वजनावर! गवत दाबलं काय नि सैल बांधलं काय, रतल तेवढेच राहतात.

तरीही स्वयंपाकघरातून वाटी हद्दपार करा असं मी म्हणणार नाही. १९७०च्या ‘रुचिरा’त कमलाबाई ओगल्यांनी वाटी-चमच्याचंच प्रमाण दिलं आणि ते योग्यच होतं; सगळ्या जिनसांना एकच वाटी नि भरण्याची एकच रीत ठेवली तर प्रमाण बिघडत नाही. गडबड होते ती एकाची वाटी नि दुसऱ्याचे ग्रॅम जुळवताना. म्हणून या दिवाळीत फराळ बनवायला बसण्याआधी एवढं करा: रिकामी वाटी काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा आणि काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम, तितके मिलिलिटर. मग तीच वाटी पुसून बेसन, रवा, साखर सपाट भरून तोला आणि आकडे डब्यांच्या झाकणांवर लिहून ठेवा. शीग मात्र काढून टाका.