धर्माचा रकाना

शाळेच्या ऑफिसात मी चौतीस वर्षं काढली. १९७१ साली ज्युनिअर क्लार्क म्हणून चिकटलो आणि २००५ मध्ये हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो. तालुक्याच्या गावातली शाळा. पालक मला 'भाऊसाहेब' म्हणत. शाळा सोडल्याचे किती दाखले लिहिले, याचा हिशेब नाही. पण प्रत्येकावर धर्माचा आणि जातीचा रकाना भरला. तो भरताना पेन सहसा अडखळलं नाही. दोन वेळा मात्र अडखळलं.

पहिली वेळ १९७८ च्या जूनमधली. एक जोडपं मुलीला पहिलीत घालायला आलं होतं. नवरा आमच्याच पंचक्रोशीतला, हिंदू. बायको सोलापूरकडची, मुसलमान. रजिस्टर लग्न केलेलं. त्या वेळी आमच्या गावात ही गोष्ट पानाच्या टपरीवर महिनाभर पुरली होती. नवरा म्हणाला, "भाऊसाहेब, धर्माच्या रकान्यात काही लिहू नका. मोठी झाली की ती ठरवेल."

मी म्हणालो, "कोरा ठेवता येत नाही. तपासणीला साहेब मलाच धरतील."

खरं सांगायचं तर तसा लेखी नियम मी कधी वाचलेला नव्हता. माझ्या आधीच्या हेडक्लार्कांनी मला सांगितलं, ते मी पुढे सांगितलं. बापाचा धर्म तो लेकराचा, असं म्हणून मी रकाना भरून टाकला. आई काही बोलली नाही. ती दोन शब्द बोलली असती तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

दुसरी वेळ त्यानंतर तीन-चार वर्षांनी. रेल्वेत गँगमन असलेले एक गृहस्थ धाकट्या मुलाला घेऊन आले. १९५६ साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतलेला माणूस. थोरल्याच्या वेळी त्यांनी माझ्यासमोर ताठ उभं राहून 'बौद्ध' असं लिहून घेतलं होतं. या वेळी आवाज खाली होता. "भाऊसाहेब, धाकट्याचं 'हिंदू महार' लिहा."

कारण विचारायची गरज नव्हती. राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच असावा लागे. १९५६ मध्ये त्यात शीख आले, बौद्ध मात्र बाहेरच राहिले. महाराष्ट्र सरकारने आपल्यापुरत्या सवलती चालू ठेवल्या होत्या. पण केंद्राची नोकरी म्हटलं की 'बौद्ध' हा शब्द आड यायचा. थोरल्याने केंद्र सरकारच्या नोकरीसाठी अर्ज केला आणि दाखल्यापाशी गाडी अडली. शाळा सोडल्यावर रजिस्टरमधली नोंद बदलायची तर शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी लागते. ते काम बापाच्या आवाक्यातलं नव्हतं. असे हे दोन सख्खे भाऊ. घरात बुद्धाची एकच तसबीर, संध्याकाळी एकच वंदना आणि शाळेच्या कागदावर धर्म दोन.

१९९० मध्ये कायदा बदलला, बौद्धांचा समावेश झाला. तोवर थोरल्याचं वय उलटून गेलं होतं. ख्रिस्ती किंवा मुसलमान झालेल्या दलितांना ते दार आजही उघडलेलं नाही.

म्हणून 'धर्माचे रकाने सगळीकडून काढून टाका' असं कुणी म्हटलं की मी लगेच मान डोलावत नाही. ज्यांच्या आजोबांना गावच्या विहिरीवर पाणी भरू दिलं नाही, त्यांना हक्क मिळवायचा तर आपण कोण हे कुठेतरी लिहावंच लागतं. हक्कासाठी ठेवलेलं रजिस्टर वेगळं आणि खिशात बाळगायचं कार्ड वेगळं, एवढंच माझं म्हणणं आहे. रजिस्टर कपाटात असतं, कुलपात असतं. कार्ड मात्र पोलिसाला, घरमालकाला, लॉजवाल्याला, रस्त्यात अडवणाऱ्याला, कुणालाही दाखवावं लागतं.

रस्त्यात अडवणाऱ्याचं उगाच लिहिलं नाही. लेबनॉनमध्ये ओळखपत्रावर पंथ छापलेला असे. १९७५ च्या डिसेंबरात, यादवी सुरू झाल्यावर, बैरूतच्या रस्त्यांवर नाके उभे राहिले. कार्ड बघायचं आणि कुणाला सोडायचं, कुणाला मारायचं ते ठरवायचं. एका शनिवारी शेकडो माणसं अशी गेली. ती कार्डं लिहिणारा कारकून माझ्यासारखाच कुणीतरी असणार. त्यानेही रकाना कोरा ठेवता येत नाही, असंच सांगितलं असेल.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. ग्रीसमध्ये २००० साली सरकारने ओळखपत्रावरचा धर्म काढायचं ठरवलं, तेव्हा तिथले आर्चबिशप ख्रिस्तोदुलोस रस्त्यावर उतरले. थेसालोनिकी आणि अथेन्सला प्रचंड सभा झाल्या. सार्वमत घ्या म्हणून जवळपास तीस लाख सह्या गोळा केल्या. देशाची लोकसंख्या सगळी एक कोटीच्या आसपास! त्यांचं म्हणणं, आमचा धर्म ही आमची ओळख आहे, ती लपवायला का लावता? यात खोटं काही नाही. माझी आई वारकरी होती. गळ्यातली तुळशीची माळ तिने कधी लपवली नाही. पण ती माळ तिने स्वतः घातली होती. ती तिच्या गळ्यात सरकारने अडकवली नव्हती. ग्रीक सरकार मागे हटलं नाही आणि तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानेही २००१ मध्ये त्याचीच बाजू घेतली.

इजिप्तची गोष्ट मला, एक जुना कारकून म्हणून, जास्त भावते. ओळखपत्रं हाताने लिहिली जात, तेव्हा तिथले बहाई लोक कारकुनाला सांगून धर्माच्या जागी आडवी रेघ मारून घेत. पुढे कॉम्प्युटर आला. त्याला तीनच धर्म ठाऊक: मुस्लिम, ख्रिस्ती, ज्यू. चौथं काही टाईप होईना. खोटं लिहायचं नाही आणि खरं लिहिता येत नाही, म्हणून लोक कार्डाविना राहिले. कार्ड नाही म्हणजे बँकेत खातं नाही, मुलांना शाळा नाही. जुळ्या भावंडांचं एक प्रकरण कोर्टात वर्षानुवर्षं चाललं, तेव्हा कुठे २००९ मध्ये पहिली कार्डं हाती आली. त्यांवर काय होतं? धर्माच्या जागी एक आडवी रेघ! एका रेघेसाठी एवढी लढाई. आणि १९७८ मध्ये ती रेघ माझ्या पेनात होती, बाटलीभर शाईसकट.

आपल्याकडे त्या मानाने बरं आहे. पासपोर्टावर धर्म नाही, मतदार ओळखपत्रावर नाही. २०१० मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीहून आधार सुरू झालं. धर्म आणि जात विचारायची नाही, हे त्याच्या २०१६ च्या कायद्यात स्पष्टच आहे. आता कुणी म्हणेल, आपल्याकडे आडनाव असताना रकाना हवाच कशाला? तेही खरंच. १९९२-९३ च्या दंगलीत मुंबईत इमारतींखालच्या नावांच्या पाट्या उतरवल्या गेल्या, त्या काही उगीच नव्हेत. पण आडनाव हे घरातून आलेलं असतं. त्यावर सरकारचा शिक्का मारायची गरज नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो. मुलाने लग्न केलं ते वसईच्या ख्रिस्ती मुलीशी. सून गुणाची आहे. नाताळात वाईन आणि दिवाळीत चकल्या, दोन्ही तिच्याच हातच्या. नातीच्या शाळाप्रवेशाचा अर्ज घेऊन मी गेल्या जूनमध्ये शाळेत गेलो. मुलगा आणि सून दोघांनी बजावून सांगितलं होतं, "धर्माचं काही लिहू नका, बाबा." ऑफिसातला मुलगा तिशीतला असेल, नम्र होता. म्हणाला, "आजोबा, हा रकाना कोरा ठेवता येत नाही."

माझेच शब्द. छेचाळीस-सत्तेचाळीस वर्षांनी मला परत मिळाले.

मी तयारी करून गेलो होतो. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये दिलेल्या निकालाबद्दल त्याला सांगितलं. आपला कोणताच धर्म नाही, असं राजपत्रात छापून मिळावं म्हणून तिघांनी अर्ज केला होता. सरकारी मुद्रणालयाने तो नाकारला. कोर्टाने सांगितलं, कोणताही धर्म मानत नाही असं म्हणायचा हक्क राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमातच आहे आणि कुठल्याही फॉर्मवर धर्म लिहायची सक्ती कुणाला करता येणार नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "पण आजोबा, नियम लेखी आहे का तुमच्याकडे?"

मला हसू आलं. घरी येऊन निकालाची प्रत काढली, दुसऱ्या दिवशी नेऊन दिली. त्याने ती फाईलला लावली आणि रकान्याच्या जागी पेन्सिलीने एक रेघ मारली. शाई सरांना विचारून, म्हणाला. परवा फोन केला, तर सर रजेवर आहेत.