किरण आणि त्यांची वाट

युरेनियम, रेडियम इत्यादि धातूंतून आपोआप निघणारे सर्वच किरण सारखे भेदक नसतात. रदरफोर्ड यांनीं १८९९ सालीं त्यांतील आल्फा व बीटा हे दोन प्रकार ओळखले; १९०० सालीं व्हिलार्ड यांस गॅमा किरण आढळले.

आल्फा कण जड व विद्युद्भारित. वाटेंतील अणूंचे इलेक्ट्रॉन उडवीत जातांना त्याची शक्ति झपाट्यानें सरते. साधा कागदहि त्यास अडवितो. हलक्या बीटा कणास कांहीं मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा लागतो. विद्युद्भार नसलेले गॅमा किरण मात्र पुरते अडत नाहींत; शिशाच्या प्रत्येक सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर थरागणिक ते निम्मे होत जातात.

मग आल्फा किरण निरुपद्रवी काय? अमेरिकेंत १९२० च्या सुमारास घड्याळाच्या तबकड्यांवर रेडियमचा रंग देणाऱ्या मुली कुंचल्यास ओठांनीं टोंक काढीत. पोटांत गेलेलें रेडियम हाडांत जाऊन बसलें. तेथें आल्फा कण आपली सारी शक्ति केसाच्या जाडीएवढ्या अंतरांत ओतीत राहिले. कित्येकींचे जबडे कुजले. कांहीं प्राणांस मुकल्या.

तात्पर्य, गॅमा किरणांपासून शिशाची भिंत रक्षण करते. आल्फा किरण सोडणारें द्रव्य अन्नांत वा श्वासांत जाऊं न देणें, हेंच त्यापासूनचें खरें रक्षण होय.