व्यापारी ई-मेल-पत्त्यांचा शोध

गांवांतील पोस्टमन हा मोठा समजूतदार गृहस्थ असतो. पाकिटावर 'देशपांडे, मारुतीच्या देवळाजवळ' एवढेंच लिहिलें असलें तरी तो पत्र बरोबर दारांत आणून देतो. ई-मेलला ही समजूत नाहीं. तेथें एक अक्षर चुकलें कीं पत्र परत आलेंच म्हणून समजावें. १९७१ सालीं रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्यानें मनुष्याचें नांव व यंत्राचें नांव यांच्यामध्यें 'ॲट' हें चिन्ह घातलें. आज त्या चिन्हाच्या उजवीकडे संस्थेचें नांव असतें. तें शोधणें सोपें. अडचण असते ती डावीकडील भागाची.

आपल्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं लहानमोठा व्यापार आहे, म्हणून ही गोष्ट येथें सांगावीशी वाटते. आमच्या परिचयाचे तासगांवाकडील एक बेदाण्याचे व्यापारी आहेत. बिस्किटें व केक करणाऱ्या कारखान्यांस माल विकावा, या हेतूनें त्यांनीं एका विक्रेत्याकडून पत्त्यांची यादी एकरकमी विकत घेतली. यादींतील बरेच लोक नोकरी सोडून केव्हांच गेलेले! पत्रें ढिगानें परत आलीं. नुकसान तेवढ्यावर थांबतें तर बरें होतें. परंतु फार पत्रें परत येऊं लागलीं म्हणजे ई-मेल पोंचविणाऱ्या कंपन्या पाठविणाऱ्यासच संशयित ठरवितात. त्यांच्या जुन्या गिऱ्हाइकांस धाडलेलीं बिलेंसुद्धां 'स्पॅम'मध्यें जाऊन पडूं लागलीं, आणि ऐन हंगामांत दोन गिऱ्हाइकें तुटलीं.

असे पत्ते पुरविणाऱ्या कंपन्या अनेक आहेत. हंटर, अपोलो, झूमइन्फो हीं त्यांतील प्रसिद्ध नांवें. प्रत्येकीची माहिती मिळविण्याची रीत निराळी, म्हणून एकीजवळ नसलेला पत्ता दुसरीजवळ सांपडतो. यावरून निघालेल्या युक्तीस 'वॉटरफॉल' म्हणजे धबधबा असें म्हणतात. सर्व नांवें प्रथम एकीस विचारावीं. जीं अडलीं तेवढींच दुसरीस, आणि उरलेलीं तिसरीस.

यांत क्रम फार महत्त्वाचा. समजा, १,००० नांवें आहेत व पत्ता मिळाला तरच पैसे पडतात. पहिली कंपनी दर पत्त्यास १ रुपया घेऊन ५०० पत्ते देते. उरलेल्यांतून दुसरी ३ रुपयांप्रमाणें २०० देते. तिसरी ८ रुपयांप्रमाणें ९० देते. एकूण ७९० पत्ते, खर्च १,८२० रुपये. आतां तिसरी सर्वांत जाणती म्हणून तिलाच आधीं गांठलें, तर ती एकटी ७०० देईल खरी, पण ५,६०० रुपये घेऊन! मग पहिलीकडून ४० व दुसरीकडून ५० मिळाले, तर पत्ते तेच ७९०, आणि खर्च मात्र ५,७९०. स्वस्त दार आधीं ठोठवावें तें याकरितां. मात्र पत्ता मिळो न मिळो, विचारल्याबद्दलच पैसे पडत असतील तर हिशेब बदलतो. मग दर पाहून न थांबतां एक पत्ता हातीं येईपर्यंत किती खर्च येतो तें पाहावें लागतें.

मिळालेला पत्ता पारखून घेण्याचीही सोय आहे. पत्र न धाडतां समोरच्या यंत्रास 'हे गृहस्थ येथें आहेत काय?' असें विचारतां येतें. '२५०' हा आंकडा आला तर होकार, '५५०' आला तर बहुधा नकार. पण कांहीं संस्थांचीं यंत्रें कोणाचेंही नांव घेतलें तरी होकारच देतात, तेव्हां असे पत्ते वेगळे काढून ठेवावे. तसेंच दोन कंपन्यांनीं एकच पत्ता दिला म्हणून तो खरा मानूं नये. दोघींनीं तो एकाच ठिकाणाहून उचललेला असूं शकतो.

आपल्याकडील नांवांची आणखी एक गंमत आहे. दीक्षित हें आडनांव रोमन लिपींत कोणी 'एक्स' घालून लिहितो, कोणी 'के-एस-एच' घालून; चौधरींचीं रूपें तर मोजूंच नयेत. परदेशी कंपन्या येथें हमखास अडखळतात, असा आमचा अनुभव आहे.

पत्ता मिळाला म्हणजे पत्रांचा भडिमार करण्याची परवानगी मिळाली असें नव्हे. युरोपांत २०१८ पासून लागू असलेल्या कायद्यानें व्यक्तीच्या नांवाचा कचेरींतील पत्ताही तिची वैयक्तिक माहिती ठरतो, व तिनें जाहिरातीची पत्रें नको म्हटल्यास तीं थांबवावींच लागतात. गूगल व याहू यांनीं २०२४ च्या फेब्रुवारीपासून मोठ्या प्रमाणांत पत्रें धाडणाऱ्यांवर निर्बंध घातले. स्पॅमच्या तक्रारी शेंकडा ०.३ च्या खालीं राहिल्या पाहिजेत, म्हणजे हजारांत तीन माणसें रागावलीं तरी पुरे.

आमचे बेदाणेवाले स्नेही आतां आधीं कारखान्याचें संकेतस्थळ पाहतात, नंतर तेथें टेलिफोन करून खरेदी पाहणाऱ्या गृहस्थांचें नांव व त्याचीं अक्षरें विचारून घेतात. त्यांतून जीं नांवें उरतात, तेवढ्यांवरच ते पैसे खर्चितात.